आधी ग्रंथ की आधी लढा?

ठिणगी टाकली मास्तरांनी. "अभ्यासकानं चळवळीत पडू नये. एकदा बाजू घेतली की ग्रंथात हवं तेच दिसायला लागतं."

"मग छत्सुमर्न कबिलसिंग यांना काय म्हणाल?" ताईंनी तिथंच अडवलं. "थायलंडच्या थम्मासात विद्यापीठात प्राध्यापक होत्या. प्रबंध बौद्ध भिक्षुणींच्या पातिमोक्खावर, म्हणजे त्यांच्या नियमावलीवर, वेगवेगळ्या परंपरांचे नियम शेजारी ठेवून. थायलंडमध्ये १९२८च्या आदेशानं स्त्रियांना भिक्षुणी म्हणून दीक्षा द्यायला मनाई, म्हणून त्या श्रीलंकेत गेल्या आणि २००३ साली भिक्षुणी धम्मानंदा झाल्या. नियम आधी वाचले, पाऊल नंतर टाकलं."

मास्तर हटले नाहीत. "भिक्षुणीच्या उपसंपदेला, म्हणजे पूर्ण दीक्षेला, भिक्षूंचा आणि भिक्षुणींचा असे दोन्ही संघ लागतात. श्रीलंका-थायलंडमधल्या थेरवाद पंथात भिक्षुणीसंघच उरला नव्हता. चीन-तैवानच्या भिक्षुणी धर्मगुप्तक विनय, म्हणजे दुसऱ्या पंथाची नियमावली, पाळतात. त्यांची दीक्षा थेरवादात कशी चालेल?"

आक्षेप वजनदार आहे. पण तो सोडवायलाही इतिहासच उघडावा लागतो. पाचव्या शतकात सिंहली भिक्षुणी चीनला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांना त्यांनी उपसंपदा दिली; म्हणजे चीनमधल्या परंपरेचं मूळही श्रीलंकेतच सापडतं. १९९८ साली बोधगयेला चिनी परंपरेच्या भिक्षुणींच्या साथीनं श्रीलंकेच्या स्त्रियांना दीक्षा मिळाली, तेव्हा हाच दाखला पुढं आला. मला तरी यात पक्षपात दिसत नाही. ज्यांची वाट अडली होती, त्यांनी तो दाखला जिवाच्या आकांतानं शोधला, एवढंच.

आणि थेरीगाथा, म्हणजे जुन्या बौद्ध भिक्षुणींची काव्यं, वाचा ना! पुण्णा ही पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्यानं पाप धुतलं जात असेल तर बेडूक, कासवं, मगरी सगळेच स्वर्गात जातील की! वर म्हणते, नदी पाप वाहून नेत असेल तर तुझं पुण्यही नेईल. एका दासीचा हा युक्तिवाद आजही खोडता येत नाही.

"ते ठीक," मास्तर म्हणाले, "पण आजचं बोला."

ताईंनी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं नाव घेतलं. दोघी चळवळीतल्याच. आंबेडकरी चळवळीत राबलेल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या आठवणी टिपून त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. त्या बायकांची दखल तोवरच्या इतिहासानं क्वचितच घेतली होती.

"आठवणी कागदपत्रांशी ताडून बघायला हव्यात."

"बघू या की, मास्तर. पण त्या दोघी या बायकांकडे गेल्याच नसत्या, तर तुम्ही काय ताडून बघितलं असतं?"