‘प्रशियाचे रामशास्त्री’ नावाचा फॉरवर्ड

महिनाभर हा फॉरवर्ड प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मी गप्प होतो, पण आता भाचीने तो स्पर्धा परीक्षेच्या सरावाच्या निबंधात जसाच्या तसा उतरवला आणि मलाच तपासायला दिला. म्हणून हे लिहितोय.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रशियात (अठराव्या शतकातलं, आजच्या जर्मनीच्या भागातलं राज्य) सामुएल फॉन कॉक्सेयी नावाचा गरीब, अनाथ मुलगा स्वतःच्या हिमतीवर सरन्यायाधीश झाला. राजा दुसरा फ्रेडरिक एका गिरणीवाल्याची पवनचक्की पाडायला निघाला, तेव्हा त्याने राजाविरुद्ध निकाल दिला. स्वतःच्या मुलाने गुन्हा केला तर त्यालाही तुरुंगात धाडलं. एका वर्षात देशातले सगळे खटले संपवले. शेवटी हात जोडलेली इमोजी आणि ‘म्हणूनच तिथे राजासुद्धा न्यायालयापुढे झुकायचा’.

गरीब आणि अनाथ? वडील हाइन्रिश कॉक्सेयी हे हायडेलबर्ग, उट्रेख्ट आणि फ्रांकफुर्ट आन डेर ओडर इथले कायद्याचे नामवंत प्राध्यापक. मुलगा 1702 मध्ये त्याच फ्रांकफुर्टात प्राध्यापक झाला. तो हुशार होता, पण वाट घरातूनच आखून मिळाली होती. पुढे.

पवनचक्की फ्रेडरिकच्या सान्सूसी राजवाड्याच्या आधीपासून तिथे होती हे खरं. राजवाडा झाल्यावर तक्रार झाली तीही खरी, पण ती गिरणीवाल्याची होती, आणि ती वारा अडतो म्हणून. राजा पाडायला आला, गिरणीवाला ‘बर्लिनमध्ये न्यायालयं आहेत’ म्हणाला, ही गोष्ट छापून आली 1787 मध्ये, म्हणजे फ्रेडरिक वारल्यावर. कॉक्सेयी तर 1755 मध्येच गेले होते. ज्या निकालाचं एवढं कौतुक चाललंय, तो निकालच नाही.

आता मुलाचं. इथे माझं डोकं खरंच फिरलं. 1744 च्या सुमारास फ्रेडरिकने बार्बरा कांपानीनी ऊर्फ ‘बार्बरीना’ या इटालियन नर्तकीला बर्लिनच्या ऑपेरासाठी करारबद्ध केलं. तिने यायला नकार दिला आणि व्हेनिसला (तेव्हा ते स्वतंत्र राज्य होतं) राहिली. तेव्हा राजाने प्रशियातून जाणाऱ्या व्हेनिसच्या राजदूताचं सामान अडवून ठेवलं, व्हेनिसला नमवलं आणि तिला पहाऱ्यात बर्लिनला आणवलं. कॉक्सेयींचा मुलगा कार्ल लुडविग तिच्या प्रेमात पडला. त्याचा सगळा ‘गुन्हा’ तो हाच! खानदानी घराला नाचणारी सून नको होती. घरच्यांनी राजाकडे धाव घेतली आणि राजाने पोराला काही काळ डांबून ठेवलं. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, आणि हे देशाच्या न्यायखात्याच्या प्रमुखाच्या घरात! 1749 मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केलं, तर राजाने त्याची बदली दूर ग्लोगाऊला केली. (लग्न फार टिकलं नाही, 1788 मध्ये रीतसर घटस्फोट झाला. त्याचा दोष राजाला देत नाही.) ओळखीपाळखीने आपल्याच पोराला आत टाकायला लावणं याला फॉरवर्डवाले समान न्याय म्हणतात, आणि वर रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव लावतात. रामशास्त्र्यांनी नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं होतं. कुठे ते आणि कुठे हे.

खटले संपवल्याची गोष्ट मात्र, नाइलाजाने, अर्धी मान्य करतो. 1747 मध्ये कॉक्सेयी निवडक न्यायाधीश घेऊन पोमेरानिया प्रांतात गेले आणि तिथले तुंबलेले सुमारे 2,400 दावे काही महिन्यांत निकाली काढले. त्याच वर्षी त्यांना ‘ग्रोसकान्सलर’, म्हणजे न्यायखात्याचं सर्वोच्च पद मिळालं. दावा वर्षभरात संपावा हे धोरण होतंच. पण तो एक प्रांत होता, ‘सगळा देश’ नव्हे. त्यांची कायदेसंहिता तर अपुरीच राहिली.

‘राजा झुकायचा’ याला उत्तर राजाच्याच तोंडून मिळतं. 1752 च्या राजकीय मृत्युपत्रात (वारसासाठी लिहिलेल्या राज्यकारभाराच्या सूचना) फ्रेडरिकने न्यायालयात कायद्याने बोलावं आणि राजाने गप्प बसावं असं लिहिलं खरं. पण 11 डिसेंबर 1779 रोजी त्याने काय केलं? पाणचक्कीवाला क्रिस्टियान आर्नोल्ड म्हणत होता की वरच्या जमीनदाराने माशांचं तळं केल्याने पाणी कमी झालं, म्हणून चक्कीचा खंड (भाडं) देता येत नाही. न्यायालयांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. राजाने तेव्हाचे ग्रोसकान्सलर फ्युर्स्ट आणि तीन न्यायाधीशांना बोलावून घेतलं, फ्युर्स्टना तिथल्या तिथे हाकललं आणि न्यायाधीशांना कैदेत टाकलं. त्या दिवशी राजाने लिहून घेतलेलं टिपण वर्तमानपत्रांत छापलं गेलं. त्यात लिहिलंय की अन्याय करणारं न्यायमंडळ चोरांच्या टोळीपेक्षा घातक असतं. फॉरवर्डमधलं ‘राजा झुकायचा’ हे वाक्य या एका कागदापुढे टिकत नाही.

आणि कुणा प्रशियन अधिकाऱ्याचा फोटो लावून हात जोडायचेच असतील, तर मंत्री झेडलिट्झ यांचा लावा. राजाने त्या न्यायाधीशांना शिक्षा ठोठवायला सांगितलं, तेव्हा या गृहस्थांनी दोषी ठरवायला साफ नकार दिला आणि सही केली नाही. मग 1 जानेवारी 1780 ला राजाने स्वतःच्या अधिकारात किल्ल्यातल्या कैदेची शिक्षा दिली, आणि झेडलिट्झ मंत्रिपदावर कायम राहिले.