हात लावला नाही, म्हणून छळ झाला नाही?

आमच्या यवतमाळकडच्या गावांतल्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. "बाईले हातही लावला नाही, मंग छळ कायचा? शब्दानं अंगावर वळ उठत नाहीत. नवरा कर्जापायी चिडते, बाईनं समजून घ्यावं. लेकरं लहान असतात, विसरून जातात. घरातलं घरात राहू द्या." बचत गटातल्या बायाही तो पुढे पाठवताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

हात लावला तरच छळ, असं कायदा म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 मध्ये मारहाणीच्या जोडीला शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. मूल नाही, मुलगा नाही म्हणून केलेला पाणउतारा तर तिथं स्पष्ट लिहिला आहे.

वळ उठत नाहीत, हे खरं. म्हणूनच हा छळ ओळखू येत नाही. बाई दिवाळीपासून वेचणीला वाकते, कापूस गाडीत भरून जातो, विक्रीच्या पैशाची पट्टी नवऱ्याच्या खिशात. किती क्विंटल भरला म्हणून विचारलं, की मजुरांपुढं उत्तर मिळतं, "तुले काय समजते त्यातलं?" फोनचा रिचार्ज मुद्दाम संपू द्यायचा, रिचार्ज मारला की कोणाला फोन लावला ते तपासायचं. गटाच्या सभेत चार शब्द बोलली म्हणून आठ दिवस अबोला, वाढलेलं ताट सरकवून उठायचं. सुटी सुटी धरली तर यातली प्रत्येक गोष्ट किरकोळ. पण वर्षानुवर्षं हेच चाललं, की ती बोलायच्या आधी त्याच्या तोंडाकडं पाहू लागते. माहेरी जाऊ का, दवाखान्यात जाऊ का, अगदी भाजी कोणती टाकू, प्रत्येक वेळी आधी त्याच्या रागाचा अंदाज. पुढं पुढं तिलाच वाटतं, आपल्याला खरंच काही समजत नाही. झोप उडते, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. आणि ती माहेरी परतली तरी हे लगेच जात नाही. दारात मोटारसायकल थांबली की दचकतेच.

कर्जाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो अर्धा खरा आहे. बोंडअळी आली, अतिवृष्टीनं सोयाबीन सडलं, तर कोणाचंही डोकं फिरेल. त्या दिवशी तोंडून वाईट शब्द गेला आणि रात्री माणूस "चुकलं माह्यं" म्हणाला, तर त्याला मी छळ म्हणणार नाही. पण कृषी केंद्रवाल्याची उधारी थकली असताना त्याच्यापुढं आवाज चढत नाही. बँकेच्या साहेबापुढं हात जोडले जातात. म्हणजे राग आवरता येतो. तो फक्त घरी आवरला जात नाही, कारण घरी कोणी जाब विचारत नाही. आणि ते कर्ज तिच्याही डोक्यावर आहे. तिनं चिडायचं कोणावर?

लेकरं विसरत नाहीत. 1998 मध्ये अमेरिकेत हजारो प्रौढांच्या बालपणाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सततचा शाब्दिक अपमान आणि घरातल्या आईवरची हिंसा हे दोन्ही बालपणीच्या आघातांत धरले होते. असे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा, व्यसनाचा, हृदयविकाराचाही धोका जास्त, असं त्यात दिसलं. आपल्याकडं शाळेत सारखं पोट दुखणारं, बाप घरात आला की गप्प होणारं पोट्टं "लाजाळू" ठरवून लोक मोकळे होतात.

राहिलं घरातलं घरात. छळणाऱ्याला तेच हवं असतं. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, मन खचलं असेल तर 14416 वर टेलिमानसचे समुपदेशक मोफत बोलतात. या कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो. कोणत्या दिवशी काय बोलला, कोणापुढं बोलला, हे जमेल तसं लिहून ठेवा आणि ती वही शेजारणीकडं किंवा माहेरी ठेवा, घरातल्या कपाटात नको.