गोबर गॅसचं कार्बन क्रेडिट बांधलेल्या टाकीवर नको, जळालेल्या गॅसवर द्या

हवेत जाणारा एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवला की एक क्रेडिट मिळतं आणि ते विकता येतं. अशा कार्बन क्रेडिटच्या पैशातून खेड्यापाड्यांत सुधारित चुली वाटायच्या, गोबर गॅस बांधून द्यायचा, असे प्रकल्प आता आपल्याकडे नवे राहिलेले नाहीत. चूल फुकट, टाकीला थोडाफार हिस्सा, आणि एका कागदावर सही: वाचलेल्या कार्बनवरचा हक्क कंपनीचा. परदेशी कंपनीच्या पैशाने आपल्या बायांच्या डोळ्यांतला धूर जात असेल तर जाऊ दे की. माझं भांडण हिशोबाशी आहे.

आधी चुलीचा हिशोब बघा. माणशी वर्षाला अर्धा टन लाकूड धरतात. पाच जणांचं घर म्हणजे अडीच टन. तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता 10 टक्के आणि नव्या चुलीची 30 धरली की लाकूड तिसऱ्या हिश्शावर येतं, म्हणजे सुमारे 1.67 टन वाचलं. टनामागे साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड धरायचा. पण सगळं सरपण काही जंगल तोडून येत नाही. बांधावरची बाभळ छाटली की पुन्हा फुटते, तुराट्या-पऱ्हाट्या तर दरवर्षीच्या. म्हणून परत न उगवणाऱ्या लाकडाचा वाटा किती, त्या आकड्याने गुणायचं. 90 टक्के लिहिलं तर घरामागे दीड टन क्रेडिट, 30 टक्के लिहिलं तर अर्धा टन. चूल तीच, सरपण तेवढंच, बदलला फक्त एक्सेलमधला एक रकाना.

कित्येक प्रकल्पांनी हा वाटा 80-90 टक्क्यांच्या घरात धरला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात तो 27 ते 34 टक्के निघाला होता. 2024 मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त आलेल्या अभ्यासानुसार तर तपासलेल्या चूल-प्रकल्पांनी खऱ्यापेक्षा सुमारे 9 पट क्रेडिटं घेतली होती. त्यात नवी चूल किती वापरली जाते याची गृहीतकंही आली. ओडिशात सुमारे 2,600 कुटुंबांचा चार वर्षं मागोवा घेतला गेला. पहिल्या वर्षानंतर नव्या चुली मोडल्या, धुराडी तुंबली, कुणी दुरुस्त केली नाहीत आणि धुराचा फायदा टिकला नाही. कागदावर मात्र चूल 'वाटप झाली' की ती जळतेच आहे असं धरून चालतात.

त्यापेक्षा गोबर गॅस मला कधीही बरा वाटतो, कारण तो चालतो की नाही हे लपत नाही. कर्नाटकातल्या बागेपल्लीत शेतमजुरांच्या संघटनेने 2 घनमीटरच्या 5,500 संयंत्रांचा प्रकल्प 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सीडीएममध्ये, म्हणजे कार्बन क्रेडिट देणाऱ्या योजनेत नोंदवला. घरामागे वर्षाला साधारण साडेतीन टन क्रेडिट, असा त्यांचा हिशोब होता. पण इथेही एक गोम आहे आणि ती फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

उकिरड्यावर पसरून वाळलेल्या शेणातून मिथेन, म्हणजे गोबर गॅसमधला जळणारा वायू, फार निघत नाही. टाकीत तो आपण मुद्दाम तयार करतो. 2 घनमीटर गॅसमध्ये 60 टक्के मिथेन धरला तर दिवसाला सुमारे 800 ग्रॅम, वर्षाला 290 किलो. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो, म्हणजे वर्षाचे झाले 8 टन कार्बन डायऑक्साइडइतके. हा गॅस जळला तर उत्तम. 10 टक्के गळला तर 0.8 टन वजा. आणि निम्मा वापरलाच नाही तर 4 टन वजा, म्हणजे साडेतीन टनांचं क्रेडिट धुऊन जातं! दीनबंधूसारख्या स्थिर घुमटाच्या संयंत्रात जादा गॅस कुठे साठून राहत नाही. तो स्लरी, म्हणजे शेण-पाण्याचा काला, खाली ढकलतो आणि तोंडाशी बुडबुडे सोडत निघून जातो. म्हणून अनुदान जास्त मिळतं म्हणून मोठी टाकी बांधणं हा निव्वळ वेडेपणा. एका घनमीटरला रोज 25 किलो ताजं शेण लागतं. 2 घनमीटरला 50 किलो, म्हणजे चार-पाच जनावरं, तीही गोठ्यात बांधलेली. रानात चरणाऱ्या गुरांचं निम्मं शेण रानातच राहतं, हे सर्व्हेवाला विचारतच नाही.

पहिल्या भरणीलाच साधारण दोन टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. नंतर रोज एकास एक कालवण. गोठा मातीचा असेल तर शेणाबरोबर माती जाते आणि तळाशी बसते. कडब्याचे तुकडे गेले तर वर जाड थर धरतो आणि गॅस अडतो. शेगडी भकभक करत पेटली, मध्येच विझली, तर आधी पाइपात साचलेलं पाणी बघा. पाइपाला पाणी काढायच्या नळीकडे उतार नसणं हा बांधणीतला नेहमीचा आळस आहे. सांधे आणि व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती. घुमटासाठी यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरून ती लायनीला जोडायची, रात्री शेगडी बंद करून पातळीची खूण करायची. रोजची भरणी चालू असताना सकाळी दाब वाढलेला दिसायला हवा. नसेल, आणि सांध्यांवर बुडबुडे येत नसतील, तर बहुधा घुमटाच्या प्लॅस्टरला चीर आहे. ती बुजवायला टाकी रिकामी करावी लागते आणि नेमक्या त्याच खर्चाला प्रकल्पात पैसा नसतो.

सगळं नीट चाललं तरी चूल विझत नाही. आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवरच तापतं, आणि त्याला लाकूड कमी लागत नाही. उज्ज्वलानंतर अनेक घरांत सिलिंडरही आला, तो परवडेल तेव्हा भरला जातो. अशा घराची 'पूर्वी सगळा स्वयंपाक लाकडावर' अशी नोंद करणं म्हणजे सरळ थाप.

म्हणून शेगडीच्या लायनीवर गॅस मीटर बसवा आणि जळालेल्या घनमीटरवर क्रेडिट द्या. मीटरला खर्च येतो, ओलसर, गंधकयुक्त गॅसने तो खराबही होतो, त्यामुळे मीटरच्या आधी पाणी आणि गंधक अडवायची सोय हवी. सगळ्या घरांत जमत नसेल तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत तरी बसवा. नमुन्याची घरं कंपनीच्या माणसाने निवडायची, ही पद्धत आधी बंद करा.

आणि सही करणाऱ्यांनी कागद मराठीत मागा. हक्क किती वर्षांसाठी दिला, क्रेडिटच्या विक्रीतला आपला हिस्सा किती, बिघाड झाल्यावर किती दिवसांत माणूस येणार, घुमट फुटला तर खर्च कुणाचा, गुरं विकली तर करार सुटतो का, हे त्यात लिहिलेलं हवं. दुरुस्तीचं कलम नसेल तर सही करू नका, टाकी फुकट असली तरी.