धूर काढेल त्याचं आभाळ

पृथ्वीची वाटणी निघालीये हे एव्हाना तुमच्या कानावर आलं असेलच. 2009 साली स्टॉकहोमचे शास्त्रज्ञ योहान रॉकस्ट्रॉम आणि मंडळींनी पृथ्वीच्या नऊ मर्यादा सांगितल्या, हवामान, गोडं पाणी, जंगलं, नत्र-स्फुरद वगैरे, आणि 2023 च्या हिशोबात त्यातल्या सहा ओलांडूनपण झाल्या होत्या. म्हणजे आता उरलंसुरलं कोणाला किती एवढाच प्रश्न आहे. अशा वेळी भला माणूस मोजणी आणायला धावतो. तुम्ही तसलं काही करू नका, आधी वहिवाट सिद्ध करा.

इतकी वर्षं धूर आम्हीच सोडतोय, तेव्हा आभाळ आमचंच. ऐकायला निर्लज्ज वाटतं पण चालतं, खरंच चालतं! युरोपने 2005 पासून कार्बनचे परवाने, म्हणजे ठरावीक धूर सोडायची मुभा, वाटले ते बहुतेक फुकट, आणि आधी कोण किती धूर सोडत होता ते बघून. ज्याने ढीगभर कोळसा जाळला त्याला ढीगभर परवाने, आणि ज्याने पदरचे पैसे घालून आधीच धूर कमी केला तो बसला बोंबलत. पुढची मजा म्हणजे वीज कंपन्यांनी हे फुकटात मिळालेले परवाने बाजारभावाने लोकांच्या बिलात लावले आणि अब्जावधी युरो खिशात घातले.

मग साल. किती टक्के कपात यावर बाकीच्यांना भांडू द्या, कुठल्या सालापासून मोजायचं ते तुमच्या हातात ठेवा. 1997 मध्ये क्योटोच्या धूरकपातीच्या करारात 1990 साल धरलं. रशियाचे कारखाने सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तसेही बंद पडलेले, त्यामुळे काहीही न करता कपात झाली आणि वर विकायला शिल्लक उरली. ऑस्ट्रेलियाने तर कपातीच्या करारात 8 टक्के वाढ मंजूर करून घेतली, आइसलँडने 10. याला म्हणतात वाटाघाटी.

तेलाचा धंदा असेल तर गिऱ्हाइकाच्या हातात कॅल्क्युलेटर द्या. बीपी या तेल कंपनीने 2004 मध्येच दिला होता, तुमचा स्वतःचा कार्बन किती ते बघा म्हणून. माणूस आपल्या गिझरची मिनिटं मोजत बसतो, विहिरी कोण खणतंय हे विचारत नाही.

कोणी माणशी समान वाटा मागितला तर 'तत्त्वतः मान्य' म्हणा. पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 मध्येच सांगितलं होतं की गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या गाडीचा धूर एका तागडीत तोलू नका. तेव्हापासून सगळे मान डोलावतायत, तुम्हीपण डोलवा.

आणि आपण भारतीय असलो तर फारच सोपं. परदेशात कोणी बोललं की आकडे तोंडावर फेकायचे, अमेरिकेतला माणूस वर्षाला 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, जगाची सरासरी 5 च्या अलीकडे, आम्ही जेमतेम 2. आकडे खरेच आहेत हो. फक्त घरी आलात की 'माणशी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, कारण तुमचे तीन एसी, दोन गाड्या आणि दरवर्षीचं बाली त्या 2 टनांत बसतं कसं, तर गडचिरोलीत चुलीवर भात रांधणाऱ्या बाईचा वाटा तुमच्या नावावर चढलेला असतो म्हणून. तिची सही नाहीये, पण तिला विचारलंय कोणी? तेव्हा तिच्या घरी फ्रीज वगैरे येणार नाही याची जरा काळजी घ्या, सरासरी बिघडते.

जाता जाता, सोसायटीत यंदाची पाणीकपात निघाली तर ठराव आधीच टाइप करून न्या. स्विमिंग पूल ब्रोशरमध्ये छापलेला आहे त्यामुळे त्याला हात लावता येत नाही, आणि कामवाल्या मावशींनी भांडी घासताना नळ बारीक ठेवावा. एकमताने पास होतं. नळाची नोटीस मराठीत लावा, पूलचं टायमिंग इंग्लिशमध्ये.