सिट्रोनेला स्प्रे, डास आणि पुरळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेत राग आहे, आणि मुलाच्या अंगावर पुरळ उठल्यावर तो येणारच. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही माझ्या लेखातला, डास पळवण्यासाठीचा सिट्रोनेला (गवती चहाच्याच जातीच्या गवताचं सुगंधी तेल) आणि गवती चहाच्या तेलाचा स्प्रे घरी केला. स्पिरिट (अल्कोहोल) हाताशी नव्हतं म्हणून त्याऐवजी पाणी घातलं, आणि जोर वाढावा म्हणून वरून लवंग तेल टाकलं. पाच वर्षांच्या मुलाच्या हातापायांवर तो फवारला. अर्ध्या तासात डास चावायला लागले, रात्री पोटऱ्यांवर लाल पुरळ आलं. ‘नैसर्गिक’ म्हणून काहीही खपवू नका, डेंग्यू ही थट्टा नाही, लेख काढून टाका, असं तुम्ही लिहिलंय.

मुळात तुमच्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. डास चावले म्हणजे तेल कमी पडलं, पुरळ उठलं म्हणजे तेल जास्त झालं. माझ्या मते दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचं कारण त्या पाण्यात आहे. ती बाटली न हलवता उजेडात धरून बघा: वर तेलाचा पातळ पिवळसर थर दिसेल आणि स्प्रेची नळी खाली तळाशी पाण्यात उभी असेल. न हलवता फवारलं तर अंगावर जवळपास पाणीच येतं. हलवून फवारलं तरी तेल पाण्यात विरघळत नाही, त्याचे नुसते बारीक थेंब होतात आणि ते लगेच पुन्हा वर यायला लागतात. म्हणजे कातडीवर एका जागी पाणी आणि बोटभर पलीकडे कशातही न मिसळलेल्या तेलाचा थेंब. पाणी लागलेल्या जागी डास बसतो आणि तेल लागलेली जागा चुरचुरते. लेखात स्पिरिट होतं ते यासाठीच, त्यात हे तेल विरघळतं. विरघळल्यावरही वरून पाणी ओतलं की मिश्रण दुधाळ होतं. तसं झालं की समजायचं, तेल पुन्हा सुटं झालं.

लवंग तेलाचं वेगळं सांगायला हवं. त्यात बहुतांश युजेनॉल असतं, आणि ते कातडीला चांगलंच झोंबतं. मोठ्या माणसांनाही अर्ध्या टक्क्याच्या वर लावू नये. लहान मुलांच्या मिश्रणात मी ते घालतच नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा: हे चालतं का? चालतं, पण थोडाच वेळ. डास आपल्याला शोधतो तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून आणि घामाच्या वासावरून. सिट्रोनेलाचा वास त्याच्या त्या शोधात व्यत्यय आणतो. पण काम करतो तो वासच, आणि वास येतो म्हणजे तेल उडून चाललेलं असतं. 2002 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक चाचणी छापून आली होती. स्वयंसेवकांनी औषध लावलेले हात डासांच्या पिंजऱ्यात घातले. सुमारे 24 टक्के डीट (डास दूर ठेवणारं कृत्रिम रसायन) असलेल्या औषधाने सरासरी पाच तास संरक्षण दिलं, सिट्रोनेलाची बहुतेक उत्पादनं वीस मिनिटंही टिकली नाहीत. तुमचा स्प्रे अगदी नीट मिसळलेला असता, तरी अर्ध्या तासाने पुन्हा लावावाच लागला असता.

म्हणून डेंग्यू किंवा मलेरियाची साथ असेल तिथे घरगुती तेलावर विसंबू नका, या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. तिथे डीट किंवा त्याच्यासारखीच डास दूर ठेवणारी पिकारिडिन, पीएमडी यांपैकी एक द्रव्य असलेलं, वेष्टणावर प्रमाण छापलेलं औषध घ्या. डीट 1946 पासून वापरात आहे आणि त्याच्यावर भरपूर अभ्यास झालाय. दोन महिन्यांपुढच्या मुलांना 30 टक्क्यांपर्यंतचं डीट चालतं. फक्त तळहात, डोळ्यांभोवतीची जागा आणि जखमा सोडायच्या आणि घरी आल्यावर धुऊन टाकायचं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही.

पीएमडी वनस्पतीपासूनच येतं. लिंबासारखा वास येणाऱ्या निलगिरीच्या तेलावर प्रक्रिया करून ते करतात, आणि ते सावकाश उडतं म्हणून तासन्‌तास टिकतं. मात्र त्याच झाडाचं साधं इसेन्शियल ऑइल म्हणजे पीएमडी नव्हे, आणि सर्दीत हुंगतो ते निलगिरी तेल तर त्याहून वेगळं. नावं सारखी असल्यामुळे इथे फार लोक फसतात. तीन वर्षांखालच्या मुलांना पीएमडीही लावायचं नाही.

लेख मात्र मी काढणार नाही. घटकाभर अंगणात बसताना, साथ नसताना, हे तेल उपयोगी पडतं आणि अनेकांना डीटचा वास किंवा चिकटपणा सोसत नाही. लोक ही तेलं आणतातच. मग ती किती आणि कशात मिसळायची हे कुठेतरी नीट लिहिलेलं असावं.

मुलासाठी पुन्हा करायचंच असेल तर स्प्रे नको, स्पिरिटही नको. 100 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात 1 मिली सिट्रोनेला, म्हणजे साधारण वीस थेंब. ड्रॉपरगणिक थेंब लहानमोठा होतो, म्हणून सुई नसलेल्या सिरिंजने मोजलेलं बरं. कोपराच्या आतल्या बाजूला जरासं लावून एक दिवस वाट बघा. जुनं, वास बदललेलं तेल वापरू नका, हवा लागून जुनं झालेलं तेल कातडीला जास्त त्रास देतं. घरात मांजर असेल तर तेल लावलेला हात तिला चाटू देऊ नका, तिच्या यकृताला यातले बरेच घटक पचवता येत नाहीत.

पुरळाची जागा सौम्य साबणाने धुतली असेलच. पुढे काही दिवस तिथे कुठलंही सुगंधी तेल किंवा पावडर लावू नका. फोड आले, पुरळ पसरत गेलं किंवा ओठ-डोळे सुजले तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा आणि बाटली सोबत न्या, म्हणजे लवंग तेल होतं हे त्यांना लगेच कळेल. पोटऱ्या आता कशा आहेत ते जरूर कळवा.