सिकल लिवता कायले?

आज पासबुक एन्ट्री मारायला बँकेत गेलो. प्रिंटर बंद. (तो चालू असलेला कोणी पाहिला असेल तर कळवा, पेढे देतो.) उभ्या उभ्या करायचं काय, म्हणून भिंतीवरचं नवीन पोस्टर वाचत बसलो. गोरंगोमटं जोडपं, गुबगुबीत दोन लेकरं, मागे बंगला. खाली ओळ: तुमच्या माघारीही घर त्यांचंच. गृहकर्जाचा विमा घ्या.

डोकं सटकलं भाऊ. पोस्टर ज्या टेबलाच्या वर लावलंय ना, त्याच टेबलाशी मागच्या उन्हाळ्यात माझा दादा बसला होता.

त्याचं कर्ज मंजूर झालं होतं. १२ लाख, २० वर्षं, ९ टक्के, हप्ता १०,७९७. अनुदानित शाळेत लिपिक आहे, पगार वेळेवर, गावठाणातल्या घराचं प्रॉपर्टी कार्ड हातात. कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकायचा, एवढंच स्वप्न. सगळ्या सह्या झाल्या आणि शेवटी आला विम्याचा फॉर्म. रक्ताचा काही आजार आहे काय? दादानं पेन उचललं आणि लिहिलं: सिकल सेल, एसएस. म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार, आई-बाबा दोघांकडून आलेला.

तिथं बसणारा विम्याचा पोरगा एकदम वाकला. "सर, लिवता कायले? ३ वर्षं निघाली का कंपनीले काही विचारताच येत नाही."

दादा म्हणाला, "अन् त्याच्या आंधी मेलो तं?"

पोरगा गप्प. तसा तो कायद्याचंच बोलत होता. विमा कायद्याचं कलम ४५ तसंच म्हणते, ३ वर्षांनंतर पॉलिसीवर कुठल्याच कारणानं बोट ठेवता येत नाही. म्हणजे खोटं बोला, ३ वर्षं जगून दाखवा, मग तुम्ही खरे. वा रे कायदा!

पंधरा दिवसांनी एका ओळीचं पत्र. प्रस्ताव स्वीकारता येत नाही. बस. साहेब म्हणाले, "विमा कंपल्सरी नाही, बरं का." बरोबरच आहे, कर्जासाठी विमा घेतलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. पण पुढचं वाक्य ऐका. "फक्त मुदत १० वर्षं करू, मिसेसला सहकर्जदार घ्या आणि एक जामीनदार आणा." जामीनदार मी. नवीन हप्ता १५,२०१.

महिन्याला ४,४०४ रुपये जास्त. फॉर्मवर खरं लिहिण्याचे.

आता कोणी म्हणेल, विमा कंपनी म्हणजे काही धर्मशाळा नाही, ज्याला धोका जास्त त्याला नाही म्हणणारच. म्हणणार. ठीक आहे. पण मग जास्तीचा प्रीमियम लावा ना! मधुमेहवाल्याला लावता, बिडी पिणाऱ्याला लावता. आमच्यासाठी सरळ दार बंद?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं सिकल काय असते ते कोणाला समजावून सांगायची गरज नाही. घराघरात आहे. आई-बाबा दोघंही वाहक, म्हणजे दोष रक्तात, पण आजार नाही. दादाला दोघांकडून आलं, मला एकाकडूनच. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. रोवणीच्या दिवसात थंड चिखलात तासभर उभा राहिला की रात्रभर सांधे धरून विव्हळायचा दादा. आई विटकर गरम करून शेकायची. आता हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे, पाणी भरपूर पितो, दोन वर्षांत एकदाही रक्त चढवावं लागलं नाही. पण त्या फॉर्मवर हे लिहायला जागाच नाही. तिथं फक्त हो किंवा नाही.

आणि सरकारचं काय चाललंय? १ जुलै २०२३ ला मोठं मिशन निघालं, २०४७ पर्यंत सिकल सेल संपवायचा, ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी. चांगलं आहे, मी स्वतः गावातली पोरं गोळा करून शिबिरात नेलीत. आशाताई दारोदार सांगतात, तपासा, लपवू नका, लग्नाआधी सिकल तपासणीचं कार्ड पाहा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही सिकल आहे. एका हातानं कार्ड द्यायचं, आणि तेच कार्ड पाहून दुसऱ्या टेबलावर फाईल परत. मग कोण येईल शिबिरात? पुढच्या खेपेला पोरांना कोणत्या तोंडानं नेऊ मी?

दादानं मात्र आयुष्यात कधी लपवलं नाही. वहिनीला पाहायला गेलो तेव्हा चहा यायच्या आधी त्यानं सांगितलं, मला हे आहे, आधी मुलीची तपासणी करा. मामा आमचे टेबलाखालून पाय मारून राहिले. वहिनी नॉर्मल निघाली. दोन्ही लेकरं वाहक आहेत, पण आजारी कोणी नाही. तो तसाच चहाच्या आधी बोलणारा माणूस आहे. बँकेतही तेच केलं.

घर झालं. स्लॅब पडला, आतून प्लास्टर झालं, बाहेरून राहिलं, कारण हप्ता. पण रात्री वहिनीच्या डोक्यात काय फिरते ते मला माहीत आहे. दादाला काही झालं तर कर्ज तिच्यावर. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, मग २००२ च्या सरफेसी कायद्याची, घर ताब्यात घ्यायच्या आधीची ६० दिवसांची नोटीस. आणि मग त्या पोस्टरातल्या बाईसारखं हसत राहायचं?

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. आता खरं सांगतो, नाहीतर ही पोस्ट अर्धी राहील.

त्या दिवशी "लिवता कायले" म्हणणारा तो पोरगा एकटा नव्हता. मीही टेबलाखालून दादाचा पाय दाबला होता. मामासारखाच. म्हणालो, "नोको लिवू ना दादा, कोण पाह्यते?" त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आणि त्याच्या आदल्या दिवाळीत मी तालुक्याला घर घेतलं, तेव्हा मलाही तोच फॉर्म आला होता. तोच प्रश्न. मी वाहक आहे, माझं कार्ड आईच्या पेटीत दादाच्या कार्डाला लागूनच ठेवलं आहे. मी "नाही" वर टिक केली आणि सही ठोकली. वाहक म्हणजे आजारी नाही, अशी समजूत घातली मनाची. खोटीही नाही ती. पण मग टिक करताना मागं वळून का पाहिलं असेल मी? माझा विमा आठ दिवसांत झाला. प्रीमियमही कर्जातच टाकला त्यांनी, त्यावरही व्याज भरतो आहे, तरी कुरकुर नाही. माझ्या बायकोला रात्री झोप लागते.

मी ३ वर्षं मोजतो आहे, दादा १० मोजतो आहे.

हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आज इथंच वाचेल. शाळा सुटली की फेसबुक पाहतो तो. फोन येईल. उचलतो.