ट्रकने लावलेले दिवे

जुन्या डिझेल ट्रकच्या डॅशबोर्डचा शास्त्रोक्त नियम असा की, चावी फिरवताच बॅटरीचा आणि ऑइल प्रेशरचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच दोन्ही विझले पाहिजेत. आमच्या ट्रकला हा नियम ठाऊक असावा, पण मान्य नव्हता.

सोयाबीनची पोती भरून लातूरच्या आडत बाजाराकडे निघालो असताना मांजरसुंब्याच्या पुढे बॅटरीचा तांबडा दिवा लागला. "कामून घाबरता मालक? चिकटपट्टी लावतो, दिसणारच नाही," असे म्हणून ड्रायव्हरमामांनी तो विषय त्यांच्यापुरता संपवला. मी मात्र आग्रहाने केजला एका वायरमनला गाठले. त्याने डॅशबोर्ड उचकटून होल्डरमधला बल्ब काढला, स्वतःच्या खिशात टाकला आणि "घ्या, मिटला प्रॉब्लेम" असे सांगून मजुरी मागितली.

अंबाजोगाईच्या अलीकडे अंधार पडला, तेव्हा हेडलाइटचा उजेड देव्हाऱ्यातल्या समईइतका उरला होता. इंजिनाला त्याचे सोयरसुतक नव्हते. जुन्या डिझेल इंजिनाचा इंधनपंप यांत्रिक असल्यामुळे एकदा सुरू झालेली गाडी बॅटरीवाचूनही चालत राहते. परंतु चहाला थांबल्यावर ते बंद करण्याची छाती होईना, कारण सेल्फ फिरला नसता तर भरलेला ट्रक ढकलायला अख्खे वऱ्हाड लागले असते.

अंबाजोगाईच्या वयस्क मिस्त्रींनी आधी मीटर लावला. चोवीस व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना सुमारे २८ व्होल्ट दिसायला हवेत. इथे २३ सुद्धा नव्हते. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला, तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा सैल निघाला. मूळ दुखणे हेच होते. पण पट्टा ताणूनही काटा हलेना, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डमधला रिकामा होल्डर पाहिला आणि ते काही वेळ बोललेच नाहीत. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरांना चार्जिंग सुरू करण्यासाठी लागणारा पहिला थोडासा करंट त्या दिव्यातूनच मिळतो, हे मग त्यांनी मला, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने मामांना, समजावून सांगितले.

नवा बल्ब बसताच काटा २८ वर गेला. मात्र डावा इंडिकेटर दिला की ऑइलचा दिवा त्याच तालावर डोळा मारू लागला. ऑइलचा दिवा चालत्या इंजिनावर लागला, तर गाडी जागीच बंद करून गेजपट्टी पाहावी, नाहीतर बेअरिंगांचा निकाल लागतो, हे मला माहीत असल्याने माझ्या पोटात गोळा आला. गेजपट्टीवर ऑइल व्यवस्थित होते. दोष निघाला डॅशबोर्डच्या गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टमध्ये, आणि उपाय म्हणजे काचपेपरचा एक तुकडा.

परतीच्या वाटेवर केजला तोच वायरमन भेटला. दिवा पुन्हा लागतो का, अशी त्याने आस्थेने चौकशी केली. चावी फिरवल्यावर लागतो, असे मी सांगताच त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि म्हणाला, "उतरा खाली मालक, आता कायमचा काढून देतो."